ठिणगीला काढायला मी कोरेगावला गेले

“ठिणगीला काढायचं,” शिरीष म्हणाला आणि प्लेटमधला दुसरा वडा उचलला.

सातारच्या एमआयडीसीतल्या एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये आम्ही बसलो होतो. पूर्वी तिथं पाइप तयार व्हायचे. आता तिथं आमचं अंतराळयान होतं. प्लायवूड, थर्मोकोल आणि भंगारातून आणलेली वॉशिंग मशीनची दारं. एप्रिल महिना होता आणि वर पत्रा तापला होता. शिरीष आमच्या मालिकेचा एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर. म्हणजे चॅनेलचं म्हणणं सेटवर आणणारा आणि सेटवरचं म्हणणं चॅनेलला पोचवणारा माणूस. त्यातलं दुसरं काम तो कसं करायचा, हे मला पुढं कळलं.

मी मालिकेची लेखिका. मूळची सांगलीची. त्याआधी वर्षानुवर्षं मी कौटुंबिक मालिका लिहिल्या. सासू, सून, मध्ये नवरा आणि घरात एक मोठा जिना. माझ्या मालिकांत जिन्यावरून कुणी ना कुणी पडायचंच. मुलांची विज्ञानमालिका माझ्याकडं आली याचं कारण अगदी साधं होतं. ज्यांना आधी विचारलं होतं त्यांनी नाही म्हटलं, आणि मी सांगलीहून एसटीनं सातारला येऊ शकत होते. विज्ञानाचा आणि माझा संबंध दहावीला सुटला होता. त्यानंतर उरला तो प्रेशर कुकरपुरता.

मालिकेचं नाव ‘गगनगाडी’. कॅप्टन रुद्र यान घेऊन ग्रहाग्रहांवर हिंडतो आणि त्याच्याबरोबर ठिणगी नावाची चौदा वर्षांची मुलगी असते. ती यानाची मेकॅनिक. आमच्या धंद्यात अशा पात्राला साइडकिक म्हणतात. नायकाच्या सोबत राहायचं आणि त्याला प्रश्न विचारायचे, हे त्याचं काम. साइडकिक विचारतो, “हे काय आहे?” नायक समजावून सांगतो, आणि घरी बसलेल्या मुलाला गोष्ट कळते. मालिका लिहायला असंच शिकवतात. माझं झालं उलटं. नायकानं काय समजावून सांगायचं हे मलाच माहीत नसायचं. म्हणून यान बिघडलं की मी ठिणगीच्या हातात पान्हा द्यायचे. ती पॅनेलखाली शिरायची, चार ठिणग्या उडायच्या, ती बाहेर येऊन म्हणायची, “झालं, कॅप्टन.” काय झालं आणि कसं झालं, हे कुणी विचारत नसे. दर एपिसोडला यान बिघडायचं आणि दर एपिसोडला ठिणगी मला वाचवायची.

मुलांना ती फार आवडली. चॅनेलकडं मुलं चित्रं काढून पाठवायची. त्यांत ठिणगी मधोमध, मोठी, आणि कॅप्टन कुठंतरी कोपऱ्यात. काही चित्रांत कॅप्टन नव्हताच.

“समीरला प्रॉब्लेम आहे,” शिरीषनं कारण सांगितलं. समीर म्हणजे आमचा कॅप्टन. “चॅनेलच्या मॅडम म्हणाल्या, पुढच्या बँकेत ती नको.”

बँक म्हणजे आधीच शूट करून ठेवलेले एपिसोड. पावसाळ्यापूर्वी ती भरून ठेवायची असते, कारण मंगळावरचे सीन आम्ही वाईच्या बाजूला एका मुरमाच्या खाणीत करायचो आणि पावसात मंगळावर डबकी होतात.

मी कडाडून विरोध केला, असं लिहायला मला आवडलं असतं. मी विचारलं, “मारायची की पाठवायची?”

कौटुंबिक मालिकांत हा रोजचा प्रश्न असतो. शिरीष म्हणाला, मुलांची मालिका आहे, मारता येणार नाही.

मी लगेच कामाला लागले. पहिल्या मसुद्यात ठिणगी यानाच्या शिडीवरून पडली. शिरीषनं ते वाचलं आणि नुसतं माझ्याकडं पाहिलं. दुसऱ्यात ती एका ग्रहाच्या राजाची जन्मतःच अदलाबदल झालेली मुलगी निघाली. तिसऱ्यात तिची स्मृती गेली. चौथ्यात तिला अंतराळ अकादमीत प्रवेश मिळाला आणि एका छोट्या यानात बसून ती निघून गेली. हा पास झाला. आर्ट डायरेक्टरनं त्याच दिवशी पाण्याची एक जुनी टाकी आणून तिला चंदेरी रंग मारायला घेतला.

आता प्राचीला सांगायचं कुणी, एवढंच राहिलं होतं. ठिणगीचं काम ती करायची. घर कोरेगावचं, नववीची परीक्षा नुकतीच दिलेली. वडील सैन्यात, लांब पोस्टिंगला. घरी आई, आजोबा आणि ऊस. आजोबांना सगळे आबा म्हणायचे. तेही रिटायर्ड सुभेदार. शूटिंग असेल त्या दिवशी ते तिला घेऊन यायचे आणि पॅकअप होईपर्यंत शेडच्या दाराशी खुर्चीवर ताठ बसून राहायचे. पाठ टेकलेली मी कधी पाहिली नाही.

शिरीषला चॅनेलची मीटिंग होती. डायरेक्टरला अचानक कणकण वाटायला लागली. शेवटी मी म्हणाले, मी जाते. नुसतं एवढं म्हणून थांबले असते तर बरं झालं असतं. लेखक हा पात्राची आई असतो आणि मुलीला वाईट बातमी आईनंच द्यायची असते, असं काहीतरी मी सेटवर सगळ्यांसमोर बोलले. लाइटवाले काम थांबवून ऐकत होते. मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

रविवारी सातारच्या स्टँडवर कंदी पेढे घेतले आणि कोरेगावची एसटी धरली. वाटेत भाषणाची तयारी केली. एका जागचा तारा मावळतो आणि दुसऱ्या आकाशात उगवतो, अशी सुरुवात होती. मी पुटपुटत असणार, कारण शेजारी बसलेल्या बाईंनी हळूच विचारलं, “कोण गेलं म्हणायचं?”

घरी माझी वाटच बघत होते. आबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. प्राचीच्या आईनं चहा आणला आणि ती दाराशी उभी राहिली. प्राची खाली सतरंजीवर बसली. आबा उसाबद्दल बोलले, पत्र्याच्या शेडमधल्या उकाड्याबद्दल बोलले, शूटिंगची वेळ कशी पाळली जात नाही याबद्दल बोलले. मी ताऱ्यांबद्दल बोलले. त्यांचं माझ्याकडं लक्ष नव्हतं आणि माझं त्यांच्याकडं. दोन्ही बाजूंना काहीतरी सांगायचं होतं, हे तिथं बसलेल्या कुणालाही कळलं असतं. मला कळलं नाही.

शेवटी प्राचीच बोलली. “मॅडम, मला ठिणगी नाही करायची आता.”

आबा एकदम मोकळे झाले. “आमीच येनार हुतो सातारला सांगाया. पर तुमी पोरीला इतकं जीव लावून वागवलं, तोंडच हुईना.”

मग एकेक गोष्ट बाहेर आली. नववीच्या सहामाहीला विज्ञानात तिचे मार्क फार कमी आले होते. शूटिंगमुळं शाळा बुडायची. वर्गात सर म्हणाले होते, यान दुरुस्त करतेस आणि साधी सर्किटची आकृती काढता येत नाही? सगळा वर्ग हसला. गल्लीतली मुलं मोडकी खेळणी घेऊन यायची. शेजारच्या काकांनी तर एकदा विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर बघायला बोलावलं. हे सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “मला स्क्रूपण नीट फिरवता येत नाही, मॅडम. आणि पुढं दहावी हाय.”

इथं माझं काम झालं होतं. जे सांगायला आले होते ते समोरच्यांनीच सांगितलं होतं. मी फक्त मान हलवायची, तिच्या पाठीवरून हात फिरवायचा आणि परतीची गाडी पकडायची.

पण मला राग आला. मी ठिणगीला काढणं वेगळं आणि कुणी ठिणगीला नको म्हणणं वेगळं. ठिणगी मी लिहिली होती. तिच्यात काय कमी होतं? मी तसं विचारलंसुद्धा. प्राची म्हणाली, कमी काही नाही. त्यानं मी आणखीच पेटले.

मग मी पुष्कळ बोलले. मुलं तिची चित्रं काढतात हे सांगितलं. गावोगावच्या मुली तिच्याकडं बघून पान्हा हातात घेतील असं सांगितलं. मालिकेत मुलगी मेकॅनिक दाखवणं किती अवघड होतं तेही सांगितलं, जे खोटं होतं, कारण ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. शूटिंग आठवड्यातून दोनच दिवस ठेवू म्हणाले. शाळा बुडणार नाही म्हणाले. राहता राहिलं विज्ञान.

“तुझं सायन्स मी घेईन,” मी म्हणाले.

आबा पुढं सरकले. “तुमी सोता?”

“मी स्वतः. सेटवर. दोन शॉटच्या मध्ये.”

“मंग काळजीच न्हाई,” ते सुनेकडं बघून म्हणाले. “एवढी गगनगाडी लिवत्यात त्या.”

प्राचीनं थोडा विचार केला आणि ती म्हणाली, “मग करते.” आबा उठून उभे राहिले. त्यांनी माझा हात हातात घेऊन दाबला. “शब्द दिला म्हंजे दिला. वरीसभर पोरगी तुमची.” तिच्या आईनं पेढ्यांचा बॉक्स देवापुढं ठेवला.

परतीच्या गाडीत मी खूप समाधानानं खिडकीशी बसले होते. गाडी माहुलीच्या पुलावर आली तेव्हा मला आठवलं की मी तिला काढायला गेले होते.

सोमवारी शिरीषनं विचारलं, “कशी झाली भेट?”

“चांगली झाली.”

“रडली?”

“थोडी.”

“समजूतदार आहे पोरगी.”

“हो,” मी म्हणाले. “राहायला तयार झाली.”

शिरीषनं हातातला चमचा खाली ठेवला. मी सगळं सांगितलं. त्यानं प्लेट बाजूला सरकवली. मग म्हणाला, परत जा आणि नाही म्हणून सांग.

ते मला जमणार नव्हतं. मला माझ्या मालिकेची काळजी नव्हती, प्राचीच्या भवितव्याचीही त्या क्षणी फारशी नव्हती. आबांनी हात दाबून शब्द दिला होता आणि त्या माणसासमोर जाऊन रविवारचं सगळं विसरा म्हणायची माझी हिंमत नव्हती. एवढंच कारण. पण सेटवर ते असं सांगता येत नाही. म्हणून मी सांगितलं, ठिणगी जाणार नाही, हा माझ्या तत्त्वाचा प्रश्न आहे. ही बातमी शेडभर पसरली. चहावाल्यानं मला आधी चहा दिला. एक असिस्टंट डायरेक्टर म्हणाली, मॅडम, तुमच्यासारखं कुणीतरी उभं राहायला हवं होतं. मी नम्रपणे मान खाली घातली.

शिरीष मात्र व्यवहारी. तो म्हणाला, मग समीरशी तूच बोल.

समीरचं घर सांगलीला. शनिवारी पॅकअपनंतर तो आपल्या गाडीनं निघायचा आणि मला सोबत घ्यायचा. पडद्यावर तो धिप्पाड कॅप्टन दिसतो. गाडी चालवताना मात्र पुढच्या ट्रकला हॉर्नसुद्धा देत नाही. मी पुन्हा एक भाषण तयार केलं होतं. सीनियर कलाकारानं मन मोठं ठेवावं, मुलीशी स्पर्धा कसली, असा त्याचा रोख होता. कराड येईपर्यंत ते तोंडातून निघालं नाही. कराडला चहाला थांबलो तेव्हा मी डोळे मिटून म्हणाले, “समीर, ठिणगीला काढू नकोस रे.”

त्यानं कप तोंडाजवळून खाली घेतला. “ठिणगीला कोण काढतंय?”

मी म्हणाले, तूच. तो म्हणाला, मी कशाला काढू? आणि मग त्यानं जे सांगितलं ते ऐकून माझा चहा गार झाला.

त्याची मुलगी अनू पहिलीत होती. ती प्रत्येक एपिसोड आजीच्या मांडीवर बसून बघायची. एका रविवारी घरातला मिक्सर बंद पडला. समीर स्क्रूड्रायव्हर घेऊन उठला, तर ती म्हणाली, “बाबा, तू नको. तुला येत नाही. ठिणगीला बोलवू.” तो हसला, पण त्याला लागलं. मग तिनं विचारलं, “बाबा, तुला काहीच कसं येत नाही?”

“मी शिरीषला एवढंच म्हणालो होतो,” समीर म्हणाला, “कॅप्टनला एखादं तरी काम येऊ दे. अगं, यान उतरवायचं कामपण तीच करते. मी मागं पट्टा धरून उभा असतो. निदान लँडिंग तरी मला करू दे.”

त्याचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. कॅप्टनला काही येत नव्हतं, कारण त्याच्या लेखिकेला काही येत नव्हतं. ती झाकपाक मी एका चौदा वर्षांच्या मुलीच्या पान्ह्यानं केली होती.

सोमवारी शिरीषला विचारलं, तू चॅनेलला नेमकं काय सांगितलं होतंस? तो म्हणाला, समीरला ठिणगीचा प्रॉब्लेम आहे, असं. आणि त्या काय म्हणाल्या? मग काढून टाका, म्हणाल्या. दोघांनीही आपापलं काम चोख केलं होतं. आम्ही चॅनेलच्या मॅडमना व्हिडिओ कॉल लावला. मी तत्त्वाचं भाषण काढायच्या आतच त्या म्हणाल्या, “अच्छा, एवढंच होय? मग राहू दे तिला. मुलांना आवडतेच ती.” आणि त्यांनी प्रोमोचा विषय काढला. चंदेरी टाकी पुढं कॅप्टनच्या स्वयंपाकघरात फ्रीज म्हणून उभी राहिली.

प्रश्न सुटला असं सगळ्यांना वाटलं. मला जून महिन्याची धास्ती होती.

जूनमध्ये मी दहावीचं विज्ञानाचं पुस्तक विकत घेतलं. पहिला तास ‘विद्युतधारेचे परिणाम’. आधी तीनदा वाचून गेले होते. त्यात एक डाव्या हाताचा नियम आहे. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट एकमेकांना काटकोनात धरायचं आणि तारेवर बल कोणत्या दिशेला लागतं ते ओळखायचं. माझ्या डाव्या हातात स्क्रिप्ट होतं, म्हणून मी तो उजव्या हातानं शिकवला. प्राची तिच्या उजव्या हाताची बोटं ताणून बसली. दाराशी खुर्चीवर आबाही बोटं धरून बघत होते. उत्तर काही पुस्तकाशी जुळेना. प्राचीनं विचारलं, “मॅडम, असं का?” मी म्हणाले, आधी शॉट दे, मग सांगते.

असे काही तास झाले. अडलं की शॉट लागायचा. नाही लागला तर मी जाऊन लावायला सांगायचे. एकदा प्राची मेकअपला गेली असताना आबांनी मला जवळ बोलावलं.

“मॅडम, ह्यातलं तुमाला काय येत न्हाई, व्हय?”

“नाही, आबा.”

त्यांना राग आला असेल असं वाटलं होतं. ते शांतपणे म्हणाले, “मंग तसं सांगायचं. आमच्या फौजेत मानूस येत न्हाई म्हनला की दुसरा मानूस येतो. गप बसला की घोटाळा हुतो.”

हे सगळं पॅनेलच्या पलीकडं पट्टा बांधत बसलेल्या समीरनं ऐकलं. त्यानं पट्टा सोडला, येऊन पुस्तक उचललं, माझ्या डाव्या हातातलं स्क्रिप्ट काढून घेतलं आणि म्हणाला, नियम या हाताचा आहे. नाटकात येण्याआधी त्यानं सांगलीत इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला होता. इतके एपिसोड मी त्याला यानाच्या कोपऱ्यात उभं केलं, पण तू आधी काय करत होतास, हे एकदाही विचारलं नव्हतं.

त्या दिवसापासून तास समीर घ्यायला लागला. सेटवरच्या सामानाच्या पेटीतली बॅटरी, तार आणि लोहचुंबक घेऊन तो बसायचा. प्राची प्रश्न विचारायची आणि तो सांगायचा. मी शेजारी बसून ते प्रश्न आणि ती उत्तरं तशीच्या तशी स्क्रिप्टमध्ये घालायचे. त्यामुळे मालिकेत प्रथमच ठिणगी विचारू लागली आणि कॅप्टन समजावू लागला. समीक्षकांनी लिहिलं की लेखिकेनं दुसऱ्या सीझनमध्ये पात्रांची नव्यानं मांडणी केली आहे. मी खुलासा केला नाही. लँडिंग समीर करू लागला. पहिल्या लँडिंगचा एपिसोड लागला त्या संध्याकाळी अनूनं त्याला घरातला नाइट लॅम्प दुरुस्त करायला दिला. तो मुळात चालूच होता, असं समीर म्हणाला, पण त्यानं तो उघडून पुन्हा जोडून दिला.

प्राची दहावी पास झाली. विज्ञानात तिला चांगले मार्क मिळाले. आबांनी फोन करून आधी समीरला सांगितलं, मग मला. मी विचारलं, आता अकरावी सायन्स ना? ते म्हणाले, “न्हाई, कॉमर्स. आन् शूटिंगबी बंद.”

मी प्राचीला फोन द्यायला सांगितलं. ती म्हणाली, “मॅडम, आधी समजत नव्हतं म्हणून आवडत नव्हतं. आता समजतंय, तरी आवडत नाही. म्हणजे नक्की झालं.” यावेळी मी तिचं मन वळवायचा प्रयत्न केला नाही. सीझन संपताना ठिणगीनं कॅप्टनला हात केला आणि ती यानातून उतरली. कुठं गेली ते मी लिहिलं नाही. शिरीषनं विचारलं तेव्हा म्हणाले, तिचं ती बघेल.

या धंद्यात राहून मला दोन गोष्टी कळल्या. तक्रार आली की ज्यानं केली त्यालाच आधी विचारावं, मधल्या माणसाला नव्हे. आणि कुणाला कामावरून काढायचं असेल तर लेखकाला पाठवू नये. तो आपल्याच बोलण्यात येतो.

प्राची आता कोरेगावहून बसनं सातारच्या कॉलेजला जाते. अकाउंट्स तिला मनापासून आवडतं. त्यात काही अडलं तर गगनगाडीवाल्या मॅडमना तेवढा फोन करू नकोस, असं आबांनी तिला बजावून ठेवलं आहे.